बगलेतला चौकोन

शिवणक्लासच्या वहीतलं कटिंग यंत्रमागाच्या कापडासाठी बेतलेलं असतं. कुणी तसं सांगत नाही, पण वहीतली कुठलीही आकृती बघा. पन्हा भरपूर, कापड काटकोनात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीण सारखीच घट्ट, हे सगळं त्यात धरूनच चाललेलं असतं. डोंबिवलीत मी बरीच वर्षं शिवण शिकवते. हातमागाचं कापड हौसेने घेऊन येणाऱ्या बायकांचा पहिला कपडा हमखास बिघडतो, आणि मग त्या म्हणतात, "ताई, माझा हातच बसला नाही अजून." हात चांगला बसलेला असतो. बेत दुसऱ्या कापडाचा असतो, एवढंच.

आमच्या भागात असं होणं साहजिक आहे. कल्याणला दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी, यंत्रमागांचं गाव. अलीकडे उल्हासनगर, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांचं. इथे शिवण शिकणारीच्या हाताला पहिल्या दिवसापासून लागतं ते एकसारखं, ताग्यावरून सरसर फाडून दिलेलं कापड. खरं तर कापडाच्या व्यापारात कल्याण आणि ठाणे ही गावं फार जुनी. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापड लिहून ठेवलं आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या मालात कापूस आणि बकरम सांगितलं. (आपण कॉलरमध्ये घालतो ते कडक बकरम हे नव्हे, तेव्हाचं बकरम तलम सुती कापड असावं, असं अभ्यासक मानतात.) तो सगळा माल हातमागावरचाच, कारण दुसरा माग तेव्हा नव्हताच. आज ठाण्यात किंवा डोंबिवलीत हातमागाचं प्रदर्शन लागतं तेव्हा मंगळगिरी, महेश्वरी, इरकल, गुळेदगुड्डचा खण असं सगळं बाहेरगावाहून येतं. ते शिवायचं कसं हे मात्र स्टॉलवर कुणी सांगत नाही.

पहिलं काम मशीनवरचं नाहीच, बादलीतलं आहे. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते, आणि विणून होईपर्यंत ते ताणलेलेच असतात. कापड पाण्यात गेलं की खळ सुटते, ताण उतरतो आणि लांबी आटते. रुंदीही आटते, पण कमी. न भिजवता शिवलेला कुडता पहिल्या धुण्यात गुडघ्यावरून वर चढतो तो यामुळे. तेव्हा सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावं, सावलीत वाळवावं आणि मगच मोजावं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, हा घरोघरचा समज. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. पहिल्या पाण्यात तो किती जातो ते बघा आणि अस्तराचा रंग त्याप्रमाणे निवडा. पावसाळ्यात घेतलेलं कापड खळीसकट कपाटात ठेवू नये, ही माझी आणखी एक भुणभुण. आपल्याकडच्या दमट हवेत खळीला कसर लागते.

वाळलेलं कापड सरळ करून घ्यायचं तेही धागा ओढून. काठाशी कात्रीने छोटा काप द्यायचा, सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचलायचा आणि हलक्या हाताने ओढत जायचं. कापडाला चुण्या पडतात. त्या पुढे सारत राहिलं की धागा सुटतो आणि त्याच्या जागी केसासारखी बारीक रेघ उरते. त्या रेघेवर कात्री चालवायची. धागा मध्येच तुटतो, प्रत्येकीचा तुटतो. तुटला तिथपर्यंत कापायचं, टोक शोधायचं, पुन्हा ओढायचं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे येतात. त्यांना हे पटेना. खडूने पट्टी लावून आखलेली रेघ समोर होतीच की! मग त्यांनी एकदा धागा ओढून पाहिला, तर त्यांची सरळ रेघ दुसऱ्या काठापर्यंत दोन बोटं खाली उतरलेली निघाली. "म्हणजे मी वाकडी नव्हते, कापड तिरकं होतं," असं म्हणून त्या जाम खूश झाल्या.

त्यांचाच इरकल कापडाचा पहिला कुडता कल्याण लोकलमध्ये उसवला. गर्दीत वरच्या कडीला हात घातला आणि पाठीमागे मुंढ्याजवळ शिवण उघडली. टीप तुटली नव्हती. टिपेला लागून असलेले धागे सरकले होते आणि इंटरलॉकची पट्टी अख्खीच्या अख्खी बाजूला निघून आली होती. हातमागाच्या वाटेवरची खरी ठेच ही, आणि बऱ्याच जणी इथेच हातमाग सोडून देतात. यंत्रमागावरच्या घट्ट कापडाला अर्धा इंच माया आणि वर इंटरलॉक पुरतं. विरळ विणीला ते पुरत नाही. तिथे पाऊण ते एक इंच माया ठेवावी आणि फ्रेंच शिवण घालावी: आधी उलट्या बाजू आतल्या अंगाला घेऊन एक टीप, कडा बारीक कातरून कापड पलटायचं, मग दुसरी टीप. सुट्या कडा आत बंद होतात. सुई नवी हवी; तलम कापडाला ११ नंबर, जाडसराला १४. दोरा कापडापेक्षा दणकट वापरू नये. ताण आला तर आधी दोरा तुटलेला बरा, तो पुन्हा घालता येतो.

पण नुसत्या शिवणीने हे मिटत नाही, कारण मूळ ताण मुंढ्याच्या आकारात आहे. अंगाबरोबर बसणारा गोल मुंढा कापला की धागे तिरपे कापले जातात, आणि हात वर जाताच सगळी ओढ त्याच तिरप्या कडेवर येते. जुन्या शिंप्यांना हे ठाऊक होतं. अंगरख्यात, जुन्या सदऱ्यात मुंढा गोल नसायचाच; सरळ बाही सरळ अंगाला जोडायची आणि बगलेत चौकोनी तुकडा बसवायचा, चौबगला. तीन-चार इंचांचा हा चौकोन धाग्याला धागा लावून सरळ कापतात, पण बगलेत तो असा बसतो की बाहीची शिवण त्याच्या एका कोपऱ्याला येते आणि बाजूची शिवण समोरच्या कोपऱ्याला. हात वर गेला की ओढ कर्णावर पडते. कर्ण म्हणजे उरेब, आणि उरेब कापड आपसूक लांबतं. शिवणीवर ताण येतच नाही. शिवाय सगळे तुकडे चौकोनी, त्यामुळे लहान पन्ह्यातही चिंध्या फारशा उरत नाहीत. खणाचा पन्हा तर मीटरभरही नसतो. खणाची जुनी चोळी त्याच पन्ह्यात बसवलेली आहे, आणि काठ बरोबर दंडावर येतो.

चौबगला शिवणं कटकटीचं आहे, हे लपवत नाही. कोपऱ्यावर आलं की सुई कापडात रोवलेलीच ठेवून मशीनचा पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय टाकायचा. एक टाका पुढे गेला की कोपऱ्यात चुणी, एक मागे राहिला की भोक. माझ्या विद्यार्थिनी आधी जुन्या चादरीवर सराव करतात. बँकेतल्या बाईंनी दुसरा कुडता चौबगल्याचा शिवला, तो अजून वापरात आहे.

दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर खणाचे ब्लाउज पुष्कळ दिसतील. त्यातला बराचसा खण यंत्रमागावरचा, पॉलिस्टर धाग्याचा असतो. दिसायला छान, शिवायला सोपा, नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. तो नेहमीच्या ब्लाउजसारखा शिवा. प्रश्न खऱ्या हातमागाचा. १९८५च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले आणि २००६ पासून हँडलूम मार्कचं लेबल मिळतं. घेताना ते बघावं. स्वतः शिवणार नसाल तर शिंपी शिलाई जास्त सांगेल. घासाघीस करण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा: धागा ओढून कापणार का, आणि माया किती ठेवणार. "अर्धा इंच," म्हणाला, तर कापड उचला आणि घरी परत आणा.