कथन, वर्णन आणि 'होते'

शाळेत निबंधाचे प्रकार शिकवताना 'वर्णनात्मक' आणि 'कथनात्मक' असे दोन स्वतंत्र कप्पे केले जातात. 'पावसाळ्यातील एक दिवस' एका कप्प्यात, 'मी पाहिलेला अपघात' दुसऱ्यात. गुणांच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. परंतु पुढे ज्यांना काही लिहावेसे वाटते, त्यांच्या मनात ती कायमची घर करते. मग गोष्ट रंगात आली असताना लेखक मध्येच थांबतो, नदी, डोंगर आणि मावळतीचे रंग यांचा एक परिच्छेद लिहितो, आणि तो संपला की पुन्हा गोष्टीकडे वळतो. वाचकालाही हे ठाऊक असते. तो असा परिच्छेद नजरेनेच ओलांडतो.

मुळात परिच्छेद ही गोष्टच मराठीत फार जुनी नाही. मोडीत लिहिलेल्या बखरी आणि पत्रे पाहावीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. आज आपण वापरतो ती इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. छापील गद्याबरोबर परिच्छेदाची सवयही आपल्याला लागली. त्याआधी सांगणाऱ्याच्या श्वासावरच सारी मदार होती. त्या लिखाणात कथन कुठे संपले आणि वर्णन कुठे सुरू झाले, हे बोट ठेवून दाखवणे कठीण जाते.

आपल्या भाषेचा स्वभावही इथे लक्षात घ्यायला हवा. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. वर्णन करू लागले की ते बहुतेक वेळा 'होता, होती, होते' यांपैकी एक असते. 'गाव लहान होते. गावाबाहेर देऊळ होते. देवळासमोर पिंपळ होता.' चुकीचे काहीच नाही, पण तिसऱ्या वाक्यापर्यंत कानाला एकाच ठिकाणी ठेच लागू लागते. कथनाचे तसे होत नाही, कारण त्याच्या दिमतीला 'ऊन' हा प्रत्यय असतो. 'उठून, तोंड धुऊन, घोंगडी खांद्यावर टाकून तो निघाला.' चार कृती एका दमात झाल्या आणि वाक्य कुठे अडखळले नाही. वर्णनाला असा सांधा सहजासहजी मिळत नाही. म्हणून अनेक लेखक विशेषणांचा आधार घेतात, आणि 'विस्तीर्ण', 'रमणीय', 'नयनरम्य' असे शब्द गोळा होतात. त्यांतून काही दिसत नाही. लेखकाला ते आवडले एवढेच कळते.

या दोहोंच्या मध्ये मराठीने एक सुंदर सोय करून ठेवली आहे, तो म्हणजे रीतिभूतकाळ. 'तो पहाटे उठे, ओढ्यावर जाई, येताना पारावर टेकत असे.' ही एका दिवसाची घटना नाही, म्हणून हे निव्वळ कथन नव्हे. पण यात काहीतरी घडते आहे, म्हणून हे निश्चल वर्णनही नव्हे. ओढा आहे, पार आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही. मग 'एके दिवशी' असे म्हणून लेखक साध्या भूतकाळात उतरतो आणि वाचक सावध होतो. नव्या परिच्छेदाची खरी जागा बहुधा इथेच असते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांचे गाव आपल्याला दिसते ते तिथे नव्याने रुजू झालेल्या तरुण शिक्षकाच्या नजरेतून. त्याला मुले जमवायची आहेत, शाळा चालवायची आहे. गावाचे वर्णन त्याच्या या कामातून उलगडत जाते. म्हणूनच अखेरीस दुष्काळाने गाव ओस पडते, तेव्हा काय नाहीसे झाले हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्याहून मागे जायचे तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. १८५७ साली ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, आणि १८५८ साली झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी ते लिहिले अनेक वर्षांनी, आणि छापून आले १९०७ साली. हा गृहस्थ देखावा पाहायला गेला नव्हता. त्याला जीव वाचवून घरी परतायचे होते. अशा माणसाच्या नजरेला जे पडते, ते वाचकाच्याही नजरेतून सुटत नाही.

हे सारे मला पुस्तकांपेक्षा माझ्या थोरल्या मावशीने अधिक शिकवले. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर काचबिंदूने तिची दृष्टी गेली, आणि मी सुट्टीत गेले की दुपारी तिला पुस्तक वाचून दाखवू लागले. वर्णन आले की ती कधीकधी हात वर करून मला थांबवी. "हे बघतंय कोण, आणि उभं कुठे आहे?" पुस्तकात त्याचे उत्तर असले तर ती समाधानाने मान हलवी. नसले तर म्हणे, "पुढे चल, याला काही दिसलेलं नाही."

तिचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. धरणाचा शिवसागर जलाशय १९६०च्या दशकात भरला आणि त्यात ते गाव गेले. घराचे एकही छायाचित्र कुणाकडे नव्हते. भावंडांपैकी मागे राहिलेली ती एकटीच. एका उन्हाळ्यात तिने मला वही घेऊन बसवले. "घर लिहून घे. मी गेल्यावर ते कुणाला माहीत असणार नाही."

तिने सांगायला सुरुवात केली. "पुढे अंगण होतं. मग पडवी होती. ओटी होती. आत माजघर होतं." मी लिहीत होते. ती एकाएकी थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं नको. आपण पाणी घेऊन येऊ."

आणि ती नऊ वर्षांची होऊन ओढ्यावरून घराकडे निघाली. चढणीवर चुंबळ सरके, म्हणून एक हात वरच राही. परसात शिरताना गोठ्यातली म्हैस आधी हुंकारे. मागच्या दाराची चौकट ठेंगणी. डोक्यावरची कळशी उतरवून कमरेवर घेतल्याशिवाय आत जाता येत नसे. उंबऱ्याच्या आत दोन पावले काहीच दिसत नसे, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणे, "सांडू नको गं." मग डोळे सरावत आणि आधी तिच्या हातातल्या बांगड्या दिसत. माजघरातून जाताना डाव्या हाताला कणगी लागे. उन्हाळा सरत आला की तिच्यावर थाप मारल्यावर आवाज पोकळ येई. पावसाळाभर ओटीवर इरल्यांचा ओला वास असे. असे करत ती पुढच्या अंगणापर्यंत आली आणि म्हणाली, "झालं. आता वाच."

वहीची दीड पाने भरली होती. त्यात घराची लांबी-रुंदी नाही, खोल्यांची संख्या नाही. पण दार किती उंच होते, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळशी कुठे उतरवावी लागे यावरून कळते. त्या घरात धान्य पुरे की न पुरे, हे कणगीच्या आवाजावरून कळते. मी ते घर कधी पाहिले नाही आणि आता कुणीच पाहू शकणार नाही. तरीही अंधारात मला त्या मागच्या दाराने आत जाता येईल, असे वाटते.

असो. यावरून लेखनाचा नियम काढायचा तर तो फार मोठा नाही. वर्णन करण्यापूर्वी एका माणसाला तिथे पाठवावे, आणि त्याच्याकडे काही काम द्यावे. त्याला ज्याला वळसा घालावा लागेल, जे उचलावे लागेल, ज्याला वाकून जावे लागेल, तेवढेच लिहावे. उरलेले बहुधा वाचक स्वतःच्या घरातून आणून घालतो.

मावशी २०११ साली गेली. ती पाने तिच्या नातवंडांनी आपापल्या वहीत उतरवून घेतली आहेत. त्यांपैकी धाकटीने परवा मला विचारले, कणगी म्हणजे काय? तिला व्याख्या सांगण्याऐवजी मी तो परिच्छेद तिच्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतला. थापेच्या आवाजापाशी ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आत धान्य असायचं."