दुरुस्तीच्या अधिकाराची सीमा

संसदेला संविधानात दुरुस्ती करता येते. पण तोच अधिकार वापरून संविधान मोडीत काढता येते का? जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायद्याचे अध्यापन करणाऱ्या डीटर कॉनराड यांच्या अभ्यासात हा प्रश्न वर्षानुवर्षे मध्यभागी राहिला.

त्यामागे त्यांच्या देशाने भोगलेला इतिहास होता. 1919 च्या वायमार संविधानात दोनतृतीयांश मतांनी हवी ती दुरुस्ती करता येते, असे तेव्हाचे बहुतेक कायदेपंडित मानत. मार्च 1933 मध्ये याच वाटेने सक्षमीकरण कायदा संमत झाला आणि संविधान डावलून कायदे करण्याची मुभा हिटलरच्या मंत्रिमंडळाला मिळाली. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते, तरी मते मोजली गेली आणि तेवढ्याने कारभार कायदेशीर ठरला. म्हणूनच 1949 च्या जर्मन संविधानाने, कलम 79 मध्ये, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीचा गाभा दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवला.

भारतीय संविधानात असे कलम नाही. फेब्रुवारी 1965 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील व्याख्यानात कॉनराड यांनी त्यावर बोट ठेवले. दुरुस्ती करून देशाचे दोन तुकडे पाडता येतील का? कायद्याच्या आधाराविना कोणाचाही जीव घेण्याची मुभा देता येईल का? मोगल बादशाही किंवा इंग्रजी राजसत्ता परत आणता येईल का? त्या काळी हे प्रश्न अतिरेकी वाटले असतील. दहा वर्षांनी आणीबाणी आली.

ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी हा विचार 1967 च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. न्यायालयाने त्यातले बळ मान्य केले, निकाल मात्र वेगळ्या मुद्द्यावर दिला. 1970 च्या लेखात कॉनराड यांनी मांडणी पक्की केली. संविधान घडवते ती जनता. दुरुस्ती करणारी संस्था त्या संविधानातून जन्मते. तिचा अधिकार शब्दांत कितीही अमर्याद दिसो, आपल्या अस्तित्वाचा आधार तिला नष्ट करता येत नाही. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात न्या. हंसराज खन्ना यांनी या लेखाचा आधार घेतला आणि 7 विरुद्ध 6 मतांनी मूलभूत चौकटीचा, म्हणजे संविधानाचा गाभा दुरुस्तीनेही मोडता येत नाही हा, सिद्धान्त स्थिर झाला.

निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींना का अडवावे, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो आजही संपलेला नाही. पण पाच वर्षांसाठी निवडलेले बहुमत म्हणजे सार्वभौम जनता नव्हे, हे कॉनराड यांचे उत्तर अधिक पटते. पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड 1973 मध्ये विरोधी मत देणाऱ्यांत होते. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात, सरन्यायाधीश म्हणून, त्यांनीच लिहिले की दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असणे हेही या चौकटीचेच अंग आहे. 1989 मध्ये बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा सिद्धान्त स्वीकारला.