गन माइक निवडताना

गन माइक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती लांबून आवाज ओढेल? लांबचा आवाज ओढून आणणारा माइक नसतो. गन माइक बाजूचे आवाज कमी करतो, तेही सगळे नाहीत. त्याच्या नळीवर चिरा असतात. समोरचा आवाज सरळ कॅप्सूलपर्यंत जातो. बाजूचा वेगवेगळ्या चिरांतून पुढेमागे आत शिरतो आणि त्याच्या लहरी एकमेकींना मारतात. त्यासाठी लहर नळीपेक्षा आखूड लागते. झेनहायझरचा एमकेएच ४१६ हा माइक २५ सेंटीमीटरचा आहे. तेवढी लहर साधारण १४०० हर्ट्झची. त्याखाली नळीचं काम ओसरत जातं. म्हणून रस्त्यावरच्या ट्रकची घरघर बाजूने असली तरी येतेच.

माझ्या मते निवड जागेवरून करावी. वाड्याचं माजघर घ्या: शहाबादी फरशी, उघड्या भिंती, बूमला वर जेमतेम हातभर जागा. भिंतींवरून परतणारा आवाज नळीत असमान कापला जातो आणि नटाने मान वळवली की बोलणं पोकळ होतं. अशा खोलीत मी ४१६ पेटीतच ठेवतो आणि एमकेएच ५० बूमवर चढवतो. त्याला नळी नाही, त्यामुळे बाजूचा आवाज आला तरी त्याचा पोत बिघडत नाही. अंगणात, शेतात, समुद्रावर मात्र ४१६च. कोकणातल्या पावसाळ्यात साधे कंडेन्सर दमट हवेने चटचटू लागतात. आरएफ कंडेन्सर पद्धतीचा हा माइक तग धरतो. त्याचे जास्तीचे पैसे मला तिथे पटतात.

कॅमेऱ्यावर बसवायचा असेल तर अंतराचा हिशेब आधी करा. तोंडापासून अर्ध्या मीटरवरचा माइक दोन मीटरवर नेला की थेट आवाज १२ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. शिवाय लेन्सच्या मोटरची कुरकुर शेजारीच. बजेट तुटपुंजं असेल तर मी स्वस्त माइक, एक स्टँड आणि लांब केबल घ्यायला सांगेन; महागडा माइक कॅमेऱ्यावर ठेवून अंतराची भरपाई होत नाही.

दुकानात हेडफोन लावा. सोबत्याला स, श, च भरपूर असलेलं वाक्य म्हणत माइकभोवती फिरायला सांगा. बाजूला गेल्यावर ही व्यंजनं आधी बोथट होतात. आवाज नुसता हळू झाला तर ठीक; डबक्यातून आल्यासारखा झाला तर दुसरा माइक मागवा. मग सोबत्याला माइकच्या बरोबर मागे उभं करा, कारण गन माइकला मागूनही थोडं ऐकू येतं आणि सेटवर तिथेच बहुधा जनरेटर असतो.