धुराने रंगलेली माती

मातीचे भांडे घडविण्यापेक्षा मातीचे जनावर घडविणे कठीण, असे माझे मत आहे. भांड्याला एक पोट असते. बैलाला चार पाय, दोन शिंगे आणि वळलेली मान. पातळ शिंग लवकर तापते व लवकर निवते, जाड अंगाला वेळ लागतो, आणि या ओढाताणीत सांधा तडकतो. म्हणून मोठी मूर्ती पोकळ ठेवावी लागते, वाफेसाठी छिद्र सोडावे लागते आणि सावलीत सावकाश वाळवावी लागते.

जपानातील ‘राकू’ भाजणीत तर ही परीक्षा अधिकच कडक आहे. क्योतो नगरीतील चोजिरो हा तिचा मूळ पुरुष. त्याचे नाव सेन नो रिक्यू या चहागुरूसाठी हाताने घडविलेल्या वाट्यांमुळे झाले. पण १५७४ सालचा त्याचा एक मातीचा सिंहही आहे, ही गोष्ट मला फार आवडते. त्या परंपरेतील काळी वाटी लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी १९६०च्या सुमारास तप्त भांडे पालापाचोळ्यात धुरविण्याची नवी रीत काढली. तेव्हापासून तिकडचे कलावंत सुमारे हजार अंशांपर्यंत तापलेली मूर्ती भुशाने भरलेल्या पिंपात ठेवून वर झाकण घालतात. भुसा पेटतो, आतील हवा संपते. मग जाळ झिलईतील धातूकडूनच प्राणवायू ओढून घेतो. तांब्याची हिरवी झिलई लाल, चमकदार होते. तिच्या बारीक भेगांत धूर शिरतो, आणि उघडी माती काळी पडते. एवढा धक्का सोसावा म्हणून मातीत आधीच भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात. तरीही एखादा कान, एखादा पाय गळतोच.

ही विद्या ऐकून आपण बोरगावकरांनी फार नवल करू नये. आपल्या दक्षिणेस, नागपूर जिल्ह्यात, नायकुंड व माहुरझरी येथील शिळावर्तुळांत दोन हजार वर्षांहून जुनी काळी-तांबडी भांडी निघाली आहेत. तोंड व आतील अंग काळे, बाहेरचे खालचे अंग लाल! भांडी उपडी घालून आत हवा लागू न दिल्याने हा रंग येत असावा, असे अभ्यासक मानतात. चोजिरोच्या कितीतरी शतके आधी हवा कोंडून रंग मिळविणारे हात याच मुलखात होते.

आज बोरगावच्या कारखान्यांत महिन्याचा पगार मिळतो. कुंभाराच्या मुलाने तो सोडून आवा लावावा, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जो अजून लावतो, त्याच्याशी पोळ्याच्या वेळी मातीच्या बैलाचा भाव करताना न फुटलेल्या बैलाचीच किंमत करणे मला अन्यायाचे वाटते. तडकलेल्यांची माती, सरपण आणि दिवस त्याने कोठून भरून काढावेत? आव्यात एका अंगाने काळवंडलेला बैल तर गिऱ्हाईक डागी म्हणून बाजूस सारते. मी तोच घेतो, आणि सांगितल्या किमतीस घेतो.