एका जोडासाठीं कोल्हापुरास

कोल्हापुरास जावयाचें म्हटलें कीं आमच्या घरांत अंबाबाईच्या ओटीची तयारी सुरू होते. खण, नारळ, हिरव्या बांगड्या यांची पिशवी भरली जाते, आणि येतांना गुळाची ढेप आणावयाची आठवण तीन तोंडांनीं तीन वेळां करून दिली जाते. २०२६ च्या जानेवारींत आम्ही निघालों तेव्हां हें सारें यथासांग झालें; पण जाण्याचें खरें कारण ओटीहून वेगळें होतें. तें कारण म्हणजे माझ्या नातवाची एक तुटकी चप्पल.

हा नातू माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा. वय वर्षें वीस. पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. नाताळच्या सुटींत आईबरोबर मिरजेस आजोळीं आला, तो सुटी संपली तरी परत जाण्याचें नांव काढीना. आई रागावली, मामानें समजाविलें, आणि मीं माझ्या जुन्या शिक्षकी संवयीप्रमाणें ‘संतोष’ या विषयावर त्याला पाऊण तास ऐकविलें. त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें. मग उठून आपल्या पिशवींतून वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक चप्पल काढून त्यानें माझ्यापुढें ठेविली.

“आजोबा, हिच्यासाठीं मी एक अख्खी रात्र जागलों आहें,” तो म्हणाला.

हकीकत अशी. महाविद्यालयाच्या एका समारंभासाठीं त्याला कोल्हापुरी चप्पल हवी होती. मोबाईलवरील दुकानांत त्यानें ती पाहिली. चित्रांत मागें वाड्याची चौकट, शेजारीं फेटा, वर ‘अस्सल कोल्हापुरी’ हीं अक्षरें. खालीं हजारों गिऱ्हाइकांचे अभिप्राय. ते त्यानें पहांटे तीन वाजेपर्यंत वाचले. कित्येकांचीं वाक्यें अक्षरशः एकच आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें, पण तोंवर बोट दाबून झालें होतें. घरपोंच आलेली वस्तु रेक्झिनची होती, तळ डिंकानें चिकटविलेला होता, आणि तिसऱ्या दिवशीं अंगठा हातांत आला. तक्रार केली तेव्हां उत्तर देणारें माणूस नव्हतेंच; एका यंत्रानें फार गोड भाषेंत त्याचे आभार मानले. पुढें तीन आठवडे तो मोबाईलवर जें कांहीं उघडी त्याच्या कडेला चपलाच दिसत.

“सहाशें रुपये गेले त्याचें मला कांहीं नाहीं,” तो म्हणाला. “पण आजोबा, मला काय हवें आहे हें मला कळण्याआधीं त्याला कळतें. आणि मग तेंच मला पहिल्यापासून हवें होतें असें मलाच वाटूं लागतें. खोलींतले आम्ही चौघे मित्र एकमेकांशीं बोलतों तें सुद्धां त्यानें दाखविलेल्या वस्तूंविषयीं. कोणी सहलीस गेला तरी आधीं चित्रफीत काढतो, मग डोंगर पाहतो. मीहि तेंच करतों. मला त्याचाच वीट आला आहे.”

वडील मंडळी अशा वेळीं म्हणतात, ‘फेकून दे तें यंत्र!’ मींहि म्हटलें. त्यावर तो हंसला. परीक्षेची सूचना त्या यंत्रावर, खाणावळीचे पैसे त्यावर, तिकीट त्यावर. (दुसऱ्या दिवशींचें आमचें मिरज ते कोल्हापूर तिकीटहि त्यानें त्यावरच काढलें, आणि मीं तें मुकाट्यानें काढूं दिलें.) ‘संतोष’ या विषयावरील माझें व्याख्यान किती पोकळ होतें हें मला तेव्हां उमगलें, आणि एवढेंच सुचलें कीं या मुलाला खरी कोल्हापुरी चप्पल जेथें होते तेथें घेऊन जावें.

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतलें. कृष्णा ओलांडली कीं दोन्ही अंगांना ऊंस लागतो आणि रुकडीजवळ पंचगंगेचें पात्र दिसतें. पन्नास वर्षांपूर्वीं संस्कृताच्या अध्ययनासाठीं एका शास्त्रीबोवांच्या घरीं मी दोन वर्षें कोल्हापुरांत राहत असें, तेव्हां या गाडींत अनोळखी माणसें अर्ध्या तासांत एकमेकांचें गोत्र काढीत. आतां डब्यांत सामसूम होती; जो तो हातांतल्या कांचेंत पाहत होता. शेंगा विकणारा पोरगा सुद्धां दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळांत तेंच करीत होता.

पहिला मुक्काम गंगावेशींत. येथील दुधाचा कट्टा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा. म्हशी उभ्या असतात. आपण पेला मागावा, गवळ्यानें समोर धार काढावी, आणि फेंसासकट धारोष्ण दूध हातांत यावें. माझ्या नातवानें पेला घेतला व संवयीनें खिशाकडे हात नेला. मग तो थांबला. मला म्हणाला, “याचे अभिप्राय कोणाचे वाचायचे? म्हैस इथेंच उभी आहे!” त्याच्या ओंठावर पांढरी मिशी उमटली होती. कित्येक दिवसांत तो असा मोकळेपणें हंसला नव्हता.

अंबाबाईच्या दर्शनाचें वर्णन करीत नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांस तें पाठ असेल. एकच गोष्ट सांगतों. नोव्हेंबरांत आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारांतून आंत येऊन देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात, तो किरणोत्सव आमच्या भेटीनंतर थोड्याच दिवसांनीं व्हावयाचा होता. किरणांच्या वाटेंत उभ्या राहिलेल्या इमारतींचा त्याला अडथळा होतो, हें मीं नातवाला सांगितलें. तो महाद्वार रस्त्यावरील पाट्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे सूर्याच्या वाटेंतहि दुकानें आलींच का?” यावर काय बोलावें मला सुचलें नाहीं.

देवळापासून चप्पल लाईन लांब नाहीं. दोन्हीं बाजूंना टांगलेले जोड, गोंडे, वेण्या, नव्या कातड्याचा तो उग्र वास. परंतु सत्य सांगावयाचें तर तेथेंहि सगळेंच अस्सल नव्हतें. एका दुकानांत नातवानें आपल्या तुटक्या चपलेची सख्खी बहीण ओळखली व माझ्या हाताला हळूच चिमटा घेतला. शेवटीं एका प्रामाणिक दुकानदारानें आम्हांला सुभाषनगरांतील एका कारागिराकडे पाठविलें.

कारागीर सत्तरीचा, अंगानें वाळलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. बसावयास पोतें पुढें सरकवून म्हणाला, “बसा की मास्तर.” मी मास्तर आहें हें त्यानें कशावरून ओळखलें कोण जाणे! त्याच्यापुढें रापी, आरी, हातोडी आणि पाण्यांत भिजत ठेविलेलें कातडें. नातू प्रश्न विचारीत गेला आणि तो हातांतलें काम न थांबवितां सांगत गेला. म्हशीचें कातडें बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यांत कित्येक दिवस मुरवावयाचें. तळ थरांवर थर ठोकून करावयाचा. शिवण चामड्याच्याच वादीची, लोखंडी खिळा नाहीं. दोन बाजूंना तळाचे जे पंख निघतात त्यांना कान म्हणतात. पट्टा त्या कानांत बसतो. कापशी, कुरुंदवाडी हे चपलेचे घाट आहेत आणि त्यांचीं नांवें गांवांवरून पडलीं आहेत, हें पन्नास वर्षें कोल्हापुरी वापरून मला त्या दिवशीं कळलें.

मग तो नातवाला म्हणाला, “पाय दावा.”

कागद अंथरला होता. मुलानें पाय पुढें केला तो संकोचत. आजोबांहून वडील माणसानें आपला पाय हातांत धरावा हें त्याला अवघड वाटलें असावें. “राहूं द्या मामा, माप मी सांगतों,” तो म्हणाला. “माप सांगून भागत न्हाई. पाय बघितल्याबिगर पायतान हुतंय व्हय?” असें म्हणून म्हाताऱ्यानें घोटा धरला आणि पेन्सिलीनें कडेकडेनें रेघ फिरविली. उजवा पाय डाव्याहून किंचित् रुंद निघाला. हें त्या मुलाला आजपर्यंत कोणीं सांगितलें नव्हतें. ज्या यंत्राला त्याच्याविषयीं सर्व ठाऊक, त्यानें सुद्धां नाहीं.

गोष्ट मिलानवर येणें क्रमप्राप्तच होतें. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा या प्रख्यात पेढीनें मिलान येथील पुरुषवस्त्रांच्या प्रदर्शनांत कोल्हापुरीसारखे जोड मिरविले आणि त्यांना नुसतें ‘चामडी सँडल’ म्हटलें. वास्तविक कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, विजापूर, बागलकोट असे आठ जिल्हे त्यांत येतात. आपल्याकडे गदारोळ उडाला. पेढीनें मूळ भारतीय असल्याचें मान्य केलें. तिचीं माणसें कोल्हापुरास येऊन गेलीं. आणि डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं तिचा करार झाला. २,००० जोड इकडच्या कारागिरांकडून करून घ्यावयाचे, आणि विकावयाचे प्रत्येकीं सुमारें ८०० युरोंस, असें वृत्तपत्रांतून आलें.

म्हाताऱ्याला याचें ना फारसें कौतुक ना फारसा राग. “नाव तरी घ्यायचं हुतं, एवढंच,” तो म्हणाला. पण त्या गदारोळांत त्याच्या दारीं कॅमेरे घेऊन आलेल्या पोरांची हकीकत त्यानें रंगवून सांगितली. ‘हातोडी परत मारा, मामा, उजेडात या, मामा, आता हसा, मामा.’ दिवसभर हातोडी मारून मारून त्याचा एकहि जोड पुरा झाला नाहीं, आणि त्या पोरांपैकीं एकानेंहि चप्पल विकत घेतली नाहीं. माझा नातू खालीं पाहूं लागला. त्याचा मोबाईल त्याच्या खिशांतच होता; मला वाटतें, तो काढावा असें त्यालाहि एकदां वाटून गेलें असेल.

इतक्यांत म्हाताऱ्याचा मुलगा बाहेरून आला. बेंगळुरूची एक मागणी मोबाईलवर आली होती, ती त्यानें बापाला वाचून दाखविली. या घराचें त्या यंत्राशीं मुळींच वैर नव्हतें. उलट दलालाचा वाटा त्यामुळें वांचतो असें मुलगा म्हणाला. महामंडळानें २०२५ मध्यें अस्सल चपलांना क्यूआर संकेत लावण्याचें जाहीर केलें, त्याचीहि माहिती त्यानें दिली. मोबाईल त्या चौकोनावर धरावा, म्हणजे जोड कोणीं केला, कोणत्या जिल्ह्यांत केला, हें दिसतें.

नातू जरा वेळानें म्हणाला, “म्हणजे मामांचें नांव कळायला पुन्हां मला मोबाईलच लागणार.”

त्याचा रोख यंत्रावर होता. पण मला बाण दुसरीकडेच लागला. माझ्या लहानपणीं आमच्या वडिलांचा वर्षाला एक जोड कोल्हापुराहून येई. जोड दाराबाहेर ठेवावयाचा, त्यावर पाणी शिंपडावयाचें, मग वापरावयाचा. पुढें विद्यार्थी असतांना मी स्वतः याच शहरांत दोन वेळां चप्पल करविली. उंबऱ्याबाहेर उभें राहून माप दिलें, पैसे ओंजळींत वरून टाकले, आणि निघालों. ते जोड मीं कित्येक वर्षें वापरले. ते करणाराचें नांव मला ठाऊक नाहीं, कारण मीं तें विचारलेंच नाहीं. नातवाच्या पिढीला वस्तु करणारा दिसत नाहीं कारण तो हजार कोस दूर असतो. मला तो चार हातांवर असून दिसला नव्हता. हें मीं तेथें, त्या पोत्यावर बसून, जसेंच्या तसें बोलून दाखविलें.

म्हातारा आरी थांबवून माझ्याकडे पाहत राहिला. “तवा तसंच हुतं, मास्तर,” तो म्हणाला. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाला, “पर आमच्या बाला वाईट वाटायचं.”

मीं त्याचें नांव विचारलें. त्यानें सांगितलें, आणि मी लिहितों हें नातवाकडून कळतांच पुढें म्हणाला, “छापू नगा मातुर.” म्हणून तें येथें देत नाहीं. सुनेनें चहा आणला. तो आम्ही दोघांनींहि घेतला. घरीं येऊन मीं हें सांगितलें तेव्हां आमच्या नव्वदीच्या आत्याबाईंनीं फक्त माळ थांबविली आणि पुन्हां सुरू केली.

जोडाची किंमत दोन हजार ठरली. केव्हां मिळेल असें विचारतां “पंधरा दिसांनी या” असें उत्तर आलें. दहा मिनिटांत भाजी दारांत मागविणारा आमचा नातू यावर कांहींतरी बोलेल असें मला वाटलें होतें. तो एवढेंच म्हणाला, “मी स्वतः येतों.” संध्याकाळीं रंकाळ्याच्या कठड्यावर बसून आम्हीं भेळ खाल्ली. गूळ घ्यावयाचें मात्र विसरलों, आणि त्याबद्दल घरीं जें व्हावयाचें तें झालें.

सोमवारीं तो पुण्यास गेला. पंधरा दिवसांनीं रात्रीच्या गाडीनें कोल्हापुरास उतरून, जोड घेऊन, दुपारीं तो मिरजेस आला. चपलेनें पहिल्याच दिवशीं डावा अंगठा चांगलाच चावला होता. “परत करायची सोय आहे का रे?” मामानें चेष्टेनें विचारलें. तो ओटीवर बसून पट्ट्याला खोबरेल चोळीत होता. मोबाईल आंत कोठेंतरी वाजत होता. “मामा म्हणाले आहेत, आठ दिवस चावेल, मग पायाची होईल,” असें म्हणून तो चोळीत राहिला. चालतांना ती करकर वाजते. तो जिना चढूं लागला कीं आतां आजी वरूनच ताट वाढावयास घेते.