राउटरला पत्ता मिळेना!

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही तोक्योत, निशिकासाईतल्या निशिकासाईतच बिऱ्हाड हलवलं. जपानात घर बदललं की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन नवा पत्ता नोंदवावा लागतो, तो रेसिडेन्स कार्डाच्या मागे छापून मिळतो. ते काम आम्ही दुसऱ्याच दिवशी उरकलं. घरातल्या माणसांना पत्ता मिळाला. मिळाला नाही तो फक्त आमच्या राउटरला!

त्याच दिवशी सांगलीला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी ६ वाजता ती घरी येणार, म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. "नुसता आवाज नको गं, एका डोळ्यानं का होईना, तुम्हाला बघायचंय," असं तिनं बजावलं होतं. आणि फोनवरचा महिन्याचा डेटा चिरंजीवांनी कार्टून बघण्यात कधीच संपवलेला!

आमच्या ह्यांनी राउटर बंद केला, चालू केला. तारा काढल्या, पुन्हा खोचल्या. भिंतीवरच्या फायबरच्या डबीचे दिवे छान हिरवे, राउटरचा इंटरनेटचा दिवा मात्र लाल. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, तर बाहेरच्या पत्त्याच्या जागी चार शून्यं. गंमत म्हणजे लॅपटॉपला १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता मिळाला होता! म्हणजे वाड्यातल्या खोल्यांना नंबर दिलेत, पण वाड्यालाच रस्त्यावरचा पत्ता नाही. मग पोस्टमन येणार कसा?

आता कळतं, चूक राउटरची नव्हती. जुन्या घरी इंटरनेट अख्ख्या इमारतीचं होतं. तार खोचली की राउटर पत्ता मागायचा आणि इमारतीचं यंत्र तो देऊन टाकायचं. ह्याला डीएचसीपी म्हणतात. नव्या घरी फायबरची तार एका कंपनीची आणि इंटरनेट देणारी कंपनी दुसरी. तिथं आधी आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग पत्ता. ह्याला म्हणतात पीपीपीओई. आमचा राउटर आपला जुन्या सवयीनं नुसताच हात पसरून बसलेला.

पण हे नाव आणि पासवर्ड आणायचे कुठून? सव्वानऊ वाजले. तेवढ्यात सहावीतला आमचा मुलगा बिस्किटाचा डबा घेऊन आला. न समजणारी जपानी पत्रं मी त्यात टाकते, जाहिराती असतील म्हणून. त्यानं एक न फोडलेलं पाकीट काढलं. "आई, ह्यात 'सेत्सुझोकु' लिहिलंय. म्हणजे जोडणी. हा आयडी, हा पासवर्ड. दोन आठवडे झालेत येऊन."

मंडळी, खरं सांगते, आनंदाआधी लाज वाटली. सात वर्षं ह्या देशात राहून मी घरचं पत्र वाचू शकत नाही, आणि ते मुलाला कळू नये म्हणून डब्यात लपवते. तो काही बोलला नाही. ह्यांच्याकडून लॅपटॉप घेऊन टाइप करू लागला. पहिल्यांदा शून्य आणि इंग्रजी 'ओ' ह्यांची गल्लत झाली. दुसऱ्यांदा दिवा हिरवा!

दहाला दहा कमी असताना आई दिसली. डोळ्यावर हिरवी पट्टी. "कुठं होतीस गं इतका वेळ? जेवलीस का?" मी काही बोलायच्या आत नातू म्हणाला, "आजी, आमचा पत्ता हरवला होता."

आपल्यापैकी कुणी घर बदलणार असेल तर कंपनीचं पत्र आधी जपून ठेवा. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक भागाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ संपला. म्हणून आता जपानात पुष्कळ नव्या जोडण्या आयपीव्ही६ वर असतात, तिथं बहुधा नाव-पासवर्ड लागत नाही. आपली जोडणी कुठल्या प्रकारची, ते त्या पत्रातच असतं.

बिस्किटाच्या डब्यात आता बिस्किटं आहेत. रोज रात्री मी मुलाच्या शेजारी बसून कांजी गिरवते. तो माझी वही तपासतो, आणि मार्क द्यायला भलताच कंजूष आहे!