न मागितलेली मैत्री

१९९६ साली आलेला, बेन स्टिलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द केबल गाय’ हा चित्रपट विनोदी म्हणून पाहावयास बसावे आणि हसता हसता जीव घाबरा व्हावा, असा आहे. प्रेयसीने लग्नास नकार दिल्यामुळे स्टीव्हन नव्या घरात एकटाच राहावयास येतो. केबल जोडणाऱ्यास ५० डॉलर दिले की जादा वाहिन्या फुकट मिळतात, हा मित्राचा सल्ला तो मानतो. जिम कॅरी यांनी रंगविलेला केबलवाला वाहिन्या देतो. परंतु मोबदल्यात त्याला हवी असते मैत्री. मग दूरध्वनीवर निरोपांचा भडिमार होतो, घरात मोठा टीव्ही, कॅराओके अवतरतात. पुढे हाच माल चोरीचा ठरतो आणि स्टीव्हन गजाआड जातो.

व्यापारी घरातील माणसाला यातील पहिले पाऊल चटकन उमगते. जी वस्तू वहीत मांडता येत नाही, तिचे व्याज सर्वांत जबर असते. तथापि मला अधिक खटकतो तो स्टीव्हनचा संकोच. तो वेळेवर स्पष्ट ‘नाही’ म्हणत नाही. म्हणतो तेव्हा संतापाने म्हणतो.

आमच्या पेढीवर एक एकाकी गृहस्थ रोज सायंकाळी येऊन बसत. पुढे ते अवेळी घरीही येऊ लागले. एके दिवशी वडील शांतपणे म्हणाले, “अण्णा, सातपर्यंत पेढी तुमचीच आहे. त्यानंतर आम्हांला रोजमेळ लिहावयाचा असतो. आणि घरी मात्र बोलावल्यावर यावे.” मला ते कठोर वाटले. अण्णा दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, चहा घेतला आणि सातच्या ठोक्याला स्वतःच उठले. तो नेम त्यांच्या अखेरपर्यंत चालला. नकाराने त्यांची बसण्याची जागा गेली नाही. उलट ती निश्चित झाली.

केबलवाल्याला अशी जागा कोणी दिलीच नाही. बालपणी आई त्याला टीव्हीसमोर एकटे सोडून जात असे. माणसांशी कसे वागावे, हे तो त्या पडद्याकडूनच शिकला. शेवटी जखमी अवस्थेत त्याला हेलिकॉप्टरमधून नेत असताना शुश्रूषा करणारा सहज त्याला ‘मित्रा’ म्हणतो आणि त्याचा चेहरा उजळतो. प्रेक्षक हसतात. मला मात्र त्या शुश्रूषा करणाऱ्याची काळजी वाटली, आणि हसणाऱ्या त्या जखमी माणसाची त्याहूनही अधिक.